ट्रक आला नाही त्या दिवशी

घडीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हतं. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात तिची सगळी नोकरी गेली, आणि हाताला अशी सवय जडली की बोलता बोलता समोर पडलेला रुमाल, पिशवी, पेपर, जे सापडेल त्याचा ती चौकोन करून ठेवायची. लग्न नवं असताना एकदा धाकट्या दिरानं अंगातून काढलेला शर्ट, तो आंघोळ करून येईपर्यंत, घडी होऊन कपाटात गेला होता. तेव्हा त्यानं हे नाव ठेवलं ते कायमचं.

तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची. ते शाळेत शिकवत नसत, शाळेचं शिवत. त्यांच्या दुकानात स्टुलावर उभं राहून मापं दिलेली पोरं पुढे स्वतःच्या पोरांना त्याच स्टुलावर उभी करायला घेऊन आली. मग शाळांनी तयार गणवेश मागवायला सुरुवात केली, आणि एका वर्षी दुकानाचं शटर खाली आलं ते पुन्हा वर गेलंच नाही.

मास्तर रागावले असते, कुणाच्या नावानं चार शिव्या हासडल्या असत्या, तर घडीबाईला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. ते नुसते गप्प होत गेले. चहात साखर जास्त पडली तर तासभर व्याख्यान देणारा माणूस, आता बिनसाखरेचा चहाही निमूट प्यायचा. काय झालं म्हणून विचारलं की 'काही नाही' म्हणायचे, आणि खरंच काही नसल्यासारखे खिडकीबाहेर बघत बसायचे. लेक दूरच्या शहरात राहायची. तिनं फोनवर सांगितलं, आता आईचीही नोकरी संपली, तर दोघांनी तिकडेच यावं, तिच्याच इमारतीत दोन खोल्या रिकाम्या झाल्या आहेत. घडीबाईनं मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही दोघी म्हणाल तसं.

सामान बांधायला घेतलं तेव्हा मास्तरांनी आपल्या वस्तू वाटायला काढल्या. मशीन गेली, इस्त्री गेली, टेपा आणि खडूंचा डबा गेला. शेवटी कात्री. त्या कात्रीनं कागद कापला म्हणून एकदा त्यांनी सख्ख्या लेकीशी अबोला धरला होता. ती त्यांनी काजं-बटणं करून द्यायला येणाऱ्या बाईच्या हातावर ठेवली आणि मागं वळून आत निघून गेले. ती बाई रडायला लागली. मास्तर आत पलंगावर बसून पायमोजे घालत होते.

इस्पितळात हयात काढलेल्या बाईला काही गोष्टी न शिकवता कळतात. नर्सा वॉर्डात जे बोलतात ते चादरींबरोबर धुलाईखान्यापर्यंत येतं. जवळच्या वस्तू वाटून मोकळी होणारी माणसं, तक्रार करायची थांबलेली माणसं, त्यांच्याबद्दल घडीबाईनं पुष्कळ ऐकलं होतं. तिनं तो विचार मनात आला तसा दाबून टाकला आणि खोक्यांना दोऱ्या बांधत राहिली. लेकीजवळही बोलली नाही. बोललं की खरं होईल असं तिला वाटायचं.

ठरल्या दिवशी सकाळी ट्रक यायचा होता. गाद्यांच्या वळकट्या झाल्या होत्या, कपाटं भिंतीकडे तोंड करून उभी होती, पडदे उतरल्यामुळे समोरच्या इमारतीतली माणसं जणू घरातच वावरत होती. तेवढ्यात ट्रकवाल्याचा फोन आला. गाडी वाटेतच बंद पडली, गिअरबॉक्स उघडून ठेवलाय, आज काही होत नाही, उद्या सकाळी नक्की. घडीबाईनं त्याला चांगलं झाडलं, पण झाडून गिअरबॉक्स दुरुस्त होत नाही. फोन ठेवून ती एका खोक्यावर बसली.

आणि मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की आजचा दिवस कुणाचाच नाही. इथलं काम संपलं होतं, तिथलं सुरू झालं नव्हतं. स्वयंपाक करायचा तर भांडी बांधलेली, झाडायचं तर घर रिकामं. इतक्या वर्षांत असा दिवस तिच्या वाट्याला आलाच नव्हता. तिनं मास्तरांना विचारलं, काय करायचं. बाजारातल्या नव्या दुकानांकडे जाऊन येऊ, नणंदेला पुन्हा एकदा भेटू, नाहीतर वळकटी सोडून सरळ झोप काढू. ती बोलत राहिली, कारण उत्तर येणार नाही याची तिला सवय झाली होती.

"तळ्यावर जाऊ या," मास्तर म्हणाले.

घडीबाईनं वर बघितलं. कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं.

"तळ्यावर कशाला?"

"पोहायचंय. पलीकडच्या काठापर्यंत. कधीपासून म्हणतोय मी. आता नाही तर कधी?"

ते खरं होतं. मास्तर तळ्याच्या काठावरच लहानाचे मोठे झाले होते आणि माशासारखे पोहायचे. लग्न झालं तेव्हापासून ते म्हणायचे की एकदा हे तळं आरपार पोहून जायचंय. दर उन्हाळ्यात काहीतरी आडवं यायचं. कधी शाळा उघडण्याआधीची घाई, कधी लेकीचं आजारपण, नंतर गुडघा. घडीबाई त्यांना चिडवायची, तळं आटलं की चालत जा.

नाही म्हणावं तर इतक्या दिवसांनी उघडलेलं तोंड पुन्हा मिटेल. हो म्हणावं तर काय होईल, ते तिला पुढे विचारही करायचं नव्हतं. तिनं एका खोक्याची दोरी सोडून टॉवेल काढला.

बसनं ती दोघं शेवटच्या थांब्यावर उतरली. तिथून खाली दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांपुढे पाणी. आकाश ढगाळ होतं, वारा बेताचा, पाणी राखाडी. पलीकडचा काठ लांब होता. त्या काठावर शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघराची पिवळी इमारत काड्यापेटीएवढी दिसत होती. उजव्या हाताला तळ्याचा बांध लांबवर वळत तिकडेच गेला होता. पायऱ्यांवर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. बाकी चिटपाखरू नव्हतं.

मास्तरांनी कपडे उतरवले. त्यांचं अंग इतकं वाळलंय हे घडीबाईनं उजेडात प्रथमच पाहिलं. त्यांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला. घड्याळ दिलं. मग पँटच्या खिशातून घराची किल्ली काढून तीही दिली. "ही तुझ्याजवळच असू दे," म्हणाले.

घडीबाईला वाटलं, हाताला धरावं आणि सरळ विचारावं. पण म्हाताऱ्यासमोर असलं कसं विचारायचं, आणि आपलं चुकत असेल तर माणूस काय म्हणेल. मास्तर कमरेएवढ्या पाण्यात गेले, तोंडावर पाणी मारलं आणि वळून म्हणाले, "चल, जातो मी."

"येतो म्हणावं," ती म्हणाली. पण तोवर त्यांनी अंग पाण्यात झोकून दिलं होतं.

सुरुवातीला ते सावकाश, ऐटीत चालले होते. हात उचलायचे, डोकं वळायचं, पुन्हा हात. घडीबाई सगळ्यात खालच्या पायरीवर उभी होती. चपलांना पाणी लागत होतं तरी ती मागं सरली नाही. तिला पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातही ती उतरायची नाही. तिनं मास्तरांच्या शर्टाची घडी घातली, पँटची घातली, मग शर्ट उलगडून पुन्हा घातली.

गळवाल्या म्हाताऱ्यानं कपाळावर हात धरून पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, पाहुणे कुठवर जाणार. तिनं पलीकडचा काठ दाखवला. म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली.

"सरळ पंपघराकडेच निघालेत की ते. तिथं पाण्याखाली मोठा नळ आहे. दुपारचा भोंगा झाला की पंप चालू होतो आणि पाणी आत ओढून घेतं. डावीकडून जायला सांगायचं होतंत."

घडीबाईनं हाक मारली. वाऱ्यानं ती तिच्याच तोंडावर परत आणून टाकली. म्हाताऱ्यानं उठून मोठ्यानं हाळी दिली, टोपी हलवली. पाण्यातलं डोकं वळलं नाही. म्हातारा म्हणाला की होडी इथं कुणाकडेच नाही, पंपघरावर माणूस असतो, पण त्याचा फोन नंबर कुणाला ठाऊक.

तिनं घड्याळ पाहिलं. ते मास्तरांचं होतं, तिच्या मुठीत. मग तिनं कपड्यांचं गाठोडं छातीशी धरलं आणि बांधाच्या दिशेनं निघाली.

बांधावर एका माणसापुरती वाट होती. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गवताचा उतार. घडीबाई आधी भराभर चालली, मग पळायला लागली. पळायचं वय केव्हाच मागं पडलं होतं. थोड्या अंतरावर चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा तिनं दोन्ही चपला तिथंच सोडल्या. पळताना ती पाण्याकडे बघत होती. काळा ठिपका दिसत होता. दिसत होता तोवर ठीक होतं.

तळ्याच्या मध्यावर तो ठिपका थांबला.

घडीबाईही थांबली. हात उचलले जात नव्हते. डोकं वर होतं की नाही ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. थकले असतील, दम खात असतील, तिनं स्वतःला समजावलं. पण तिच्या कानात ते 'जातो मी' घुमत होतं, आणि इतके महिने दाबून ठेवलेला विचार आता दाबला जाईना. ती मोठ्यानं म्हणाली, "अहो." एवढंच. आसपास ऐकायला कुणी नव्हतं. पुन्हा पळायला लागली.

पुढे बांधाला दरवाजा होता, जादा पाणी सोडायचा. त्यावर लोखंडी फळी टाकलेली, एका बाजूला गंजका कठडा, खाली पाण्याचा नुसता घोंगाट. एरवी तिला कुणी बांधून नेलं असतं तरी ती त्या फळीवर पाय ठेवती ना. तिनं कपडे दातात धरले, दोन्ही हातांनी कठडा पकडला आणि आडवी आडवी सरकत गेली. मध्यावर फळी हलली. डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले तर पुन्हा उघडायचा धीर होणार नाही हे कळून तिनं ते उघडेच ठेवले, आणि पलीकडे पोचली.

तिथून वर पाहिलं तर पाण्यावर ठिपका नव्हता.

आणि त्याच वेळी भोंगा झाला.

त्यानंतरचा रस्ता ती कशी धावली ते तिला पुढे कधीच नीट आठवलं नाही. तळपायात खडे रुतत होते, छातीत सुया टोचत होत्या. भोंगा थांबला. आता पंपाची घरघर सुरू होईल म्हणून तिचे कान तिकडे लागले होते. घरघर सुरू झाली नाही. का होत नाही, हे तिला समजत नव्हतं, आणि थांबून विचार करायला सवड नव्हती. पंपघराच्या कोपऱ्याला वळसा घालून ती मागच्या उतारावर आली, आणि समोर मास्तर दिसले.

ते पायरीवर बसले होते. अंगावर खाकी कोट होता, दोन मापं मोठा. दात वाजत होते. शेजारी पंपवाला उभा राहून त्यांना झापत होता. पन्नाशीचा, ढेरपोट्या, चेहरा रागानं लाल. घडीबाईला बघताच त्यानं आपला मोर्चा तिच्याकडे वळवला. हे तुमचेच का, असं विचारून त्यानं सगळं ऐकवलं. म्हणे, हा माणूस मध्यावर येऊन उताणा पडला, हात पाय सोडून, आभाळाकडे बघत. मी हाका मारतोय, हा हलत नाही. आणि वाहत येतोय तो थेट माझ्या नळावर. भोंगा व्हायची वेळ. शेवटी मी कर्णा काढला, पुराच्या वेळी वापरतो तो, आणि ओरडलो.

"काय ओरडलात?" घडीबाईनं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

पंपवाला जरा वरमला. "म्हटलं, पोहायचं असेल तर पोहा. मरायचं असेल तर माझी ड्युटी संपल्यावर मरा. माझ्या पाळीत हे चालायचं नाही."

तेवढ्यानं मास्तर चवताळले. इतक्या महिन्यांत त्यांना आलेला तो पहिला राग. कर्ण्यात तोंड घालून आपल्याला बोलणारा हा कोण, हे बघायलाच जणू ते उलटे झाले आणि सपासप हात मारत काठाला आले. पंपवाल्यानं ते पायरीला लागेपर्यंत पंप चालू केला नव्हता. आता तो ऑफिसला काय कारण सांगायचं ते पुटपुटत आत गेला, आणि भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली. पायऱ्यांजवळचं पाणी हळूच एका बाजूला सरकायला लागलं. दोघंही ते बघत राहिली.

घडीबाईनं टॉवेल घेतला आणि मास्तरांचं डोकं खसाखसा पुसायला लागली. एवढ्या जोरात की त्यांची मान हलत होती. पुसता पुसता तिचे हात मंदावले. मग ती त्यांच्यासमोर, खालच्या पायरीवर बसली. चष्मा त्यांच्या हातात दिला. तिनं विचारलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ विचारलं.

"परत यायचं होतं ना तुम्हाला?"

मास्तर चष्म्याची काच कोटाच्या टोकानं पुसत राहिले.

"सकाळी निघालो तेव्हा होतं," ते म्हणाले. "मध्यावर गेलो आणि हात थांबले. वाटलं, असंच पडून राहावं. कुणाला आपल्यासाठी काही करायला नको. नक्की काय मनात होतं, ते मलाही सांगता येत नाही गं."

घडीबाईला रडू आलं नाही. ती इतकी दमली होती की रडायलाही त्राण नव्हतं. तिनं त्यांचे गार पडलेले पाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागली. म्हणाली, मला वाटलंच होतं. मशीन दिलीत तेव्हापासून वाटतंय, आणि मी भ्याले विचारायला. मग थोडं थांबून म्हणाली:

"यापुढे असं काही मनात आलं तर आधी मला सांगायचं. अर्ध्या रात्री उठवा, बाजारात असले तर फोन करा. 'कुणाला आपल्यासाठी काही करायला नको', असलं माझ्यासमोर बोलायचं नाही. मला करायचंय."

मास्तरांनी मान हलवली. हो म्हणाले नाहीत, पण 'काही नाही' सुद्धा म्हणाले नाहीत.

जरा वेळानं पंपवाला दोन कप चहा आणि एक पावाचं पाकीट घेऊन बाहेर आला. त्याचा राग ओसरला होता आणि आता तो अवघडला होता. मास्तरांनी चहा घ्यायला हात पुढे केला, तर कोट काखेत अडकला. त्यांनी कोटाची बाही चाचपून पाहिली, खांद्याची शिवण उलटून पाहिली.

"हा कोट कुणी शिवला?" त्यांनी विचारलं.

पंपवाला म्हणाला, खात्याकडून येतो.

"उजव्या हाताची बाही डावीकडे लावलीय. हात वर होतो का तुमचा?"

नाही होत, पंपवाला म्हणाला, नोकरीला लागल्यापासून नाही होत, मला वाटायचं माझाच खांदा धरलाय. मास्तर तोंडातल्या तोंडात त्या अनोळखी शिंप्याला काहीबाही बोलले. चहा मचूळ आहे, असंही म्हणाले. घडीबाईनं तोंड दुसरीकडे फिरवलं आणि मग मात्र तिला रडू आवरेना. पंपवाला बिचारा गोंधळून गेला, चहात साखर आणू का विचारायला लागला.

परत येताना पंपवाल्याच्या ओळखीच्या टेंपोत बसून त्यांना शहरापर्यंत येता आलं. घडीबाईच्या पायात पंपवाल्याच्या बायकोच्या जुन्या चपला होत्या. संध्याकाळी तिनं लेकीला फोन केला आणि सगळं सांगितलं, काहीही न गाळता. मास्तर शेजारीच बसले होते. लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबांना दे. बापलेकीचं काय बोलणं झालं ते घडीबाईनं ऐकलं नाही. ती मुद्दाम गच्चीवर गेली.

ट्रक दुसऱ्या दिवशी आला. नव्या शहरात, सामान लागायच्या आधीच, घडीबाई मास्तरांना मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दारात ते अडले, मी काय वेडा आहे का म्हणाले. ती म्हणाली, नाही, पण माझे पाय अजून दुखताहेत, तेव्हा चला. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला बोलायला जायचं ठरलं. लेकीनं कुठून तरी जुनी मशीन आणून दिली, तिला हात लावायला मास्तरांना बरेच दिवस लागले.

सगळं एकदम ठीक झालं असं नाही. काही दिवस चांगले जातात. इमारतीतल्या बायका कपडे अल्टर करायला आणतात आणि मास्तरांची बोलणी खाऊन जातात. काही दिवस ते पुन्हा खिडकीशी बसतात. अशा एका दुपारी घडीबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं नेहमीसारखं विचारलं, आज कसं आहे.

"आज बरं नाही," मास्तर म्हणाले.

हातातला कपडा तिनं तसाच, अर्धवट, खाली टाकला आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ जाऊन बसली.